घड्याळं दोन, दुपार एकच

पहाटे ४.५०

दारावर थापा. उघडलं तर अकोल्याचे काका. आंघोळ झालेली, केसांना तेल, कमरेला पाऊच, हातात बॅगेची मूठ. “ताई, सहा वाजत आले. वेक-अप कॉल आला नाही तुमचा. म्हटलं आजारी-बिजारी पडल्या की काय.”

खिडकीबाहेर मिट्ट काळोख. माझ्या मनगटावर पाचला दहा कमी. काकांच्या मोबाइलवर पाच पन्नास.

चूक काकांची नाही. आम्ही आहोत मार्व्हांवला. पोर्तुगालच्या पूर्व कडेला, साधारण ८६० मीटर उंचीच्या खडकावर चढून बसलेलं आणि तटाने आवळून घेतलेलं हे गाव. समोर दिसतो तो स्पेन. पोर्तुगालमध्ये पाच वाजतात तेव्हा स्पेनमध्ये सहा. एवढ्या उंचावर रात्री ज्या टॉवरची रेंज जोरकस मिळेल तो पकडून फोन मोकळा होतो, त्याला देशाशी काही घेणंदेणं नसतं. काकांचा फोन रात्रीतून स्पेनला जाऊन बसला होता.

“फोनची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवू नका,” हे मी काल रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. पण नेमकं तेव्हा सूप आलं, आणि सुपात काय घातलंय हा प्रश्न घड्याळापेक्षा मोठा होता. आता काकांनी सेवाभावाने आणखी तीन खोल्या उठवल्या होत्या. चौदापैकी सात पॅक्स, म्हणजे प्रवासी, बॅगा घेऊन जिन्यात बसलेले. कुणाचाच राग काकांवर नव्हता, सगळ्यांचा माझ्यावर होता.

पहाटे ५.३०

आमच्या धंद्यात ‘सहा-सात-आठ’ म्हणतात. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. अकरा वर्षं मी टूर मॅनेजर आहे, अर्धा युरोप या तीन आकड्यांवर हाकलाय. आज पाचलाच सुरुवात झाली होती आणि उठलेल्या माणसांना परत झोपा म्हणण्यात अर्थ नव्हता. किटलीत पाणी उकळलं, प्रीमिक्सची पाकिटं फोडली, वर सुंठेची चिमूट, आणि कागदी पेले सांभाळत आम्ही तटावर जाऊन बसलो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलेंतेजोत गार वारा मिळण्याची ही एकच वेळ. आलेंतेजो म्हणजे तेजू नदीच्या पलीकडचा मुलूख. पोर्तुगालच्या नकाशाचा जवळपास तिसरा हिस्सा, पण माणसं तुरळक. गहू, ऑलिव्ह, बुचाची झाडं, आणि टेकडी दिसली की तिच्यावर किल्ला. स्पेनची भीती शतकानुशतकं होती, म्हणून सीमेवरची गावं सगळी उंचावर. या गावाचं नाव इब्न मरवानवरून पडलं. नवव्या शतकात कोर्दोव्याच्या अमिराविरुद्ध उठलेला हा सरदार, पलीकडचं बादाहोस शहरही त्यानेच वसवलं. आजचा तट मात्र बराचसा नंतरच्या पोर्तुगीज राजांचा.

सहा वीसला स्पेनमधून सूर्य वर आला. (तिथे सात वीसला.) खाली दरीत पाकोळ्या घिरट्या घालत होत्या आणि आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. मार्व्हांवची हीच ख्याती आहे, इथे पक्षी वरून पाहायचे. फोंड्याच्या बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, सगळा ग्रुप त्यांना बाईच म्हणतो, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सीमा कुठली हो यातली?” दाखवायला काही नव्हतं. तपकिरी माळ, मध्ये एक हिरवट रेघ, ती सेव्हेर नदी, पुन्हा तपकिरी माळ.

घड्याळाची रेघ तर त्याहून अलीकडची. पूर्वी दोन्ही देशांची वेळ एकच होती. १९४० साली फ्रँकोने स्पेनचे काटे तासभर पुढे सरकवले आणि ते तिथेच राहिले. पोर्तुगालनेही १९९२ ते १९९६ अशी चार वर्षं ती वेळ लावून पाहिली. हिवाळ्यात पोरं अंधारात शाळेला जाऊ लागली तेव्हा सोडून दिली.

सकाळी ७.००

नाश्ता. जाड सालीचा पाव, बकरीचं चीज, टोमॅटो, आणि आमच्या डब्यातली लसणाची चटणी. मालकीणबाईंनी खोलीची किल्ली मागितली ती ‘शाव्ह’ म्हणून. हीच आपली चावी. गंमत अशी की सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक हा शब्द ‘च’ने म्हणत, पुढे दक्षिणेत त्याचा ‘श’ झाला. आपण मात्र त्यांच्याकडून घेतला तसा ठेवला. पावाचंही तेच, नाकातला शेवट तेवढा आपण गाळला. मी हे सांगत असताना पुण्याच्या काकू छापील कार्यक्रम उघडून बसल्या होत्या.

“आठला चेक-आउट. नऊ ते दहा कास्तेलो द व्हिद. अकराला पोर्तालेग्रेचं विणकाम संग्रहालय. एकला एस्त्रेमोझ, तीनला एव्होरा, सहाला मोन्साराश. बरोबर?”

“यात थोडा बदल आहे, काकू.”

“पैसे यादीचे भरलेत आम्ही.”

हा कार्यक्रम ज्याने आखला तो मनुष्य हुशार आहे, फक्त तो इथे जुलैत आलेला नाही. नकाशावर अंतरं मोजली, प्रत्येक गावाला तास दिला, बेरीज जमली. काल आम्ही अशीच बेरीज पाळली. दुपारी अडीचला एका गावच्या संगमरवरी चौकात, चाळीस अंशांत, नाशिकच्या मावशी बोलता बोलता खाली बसल्या. बाकी काही झालं नाही. पाणी, मीठ-साखर, सावली, अर्ध्या तासात उठून हसल्याही. पण त्या चौकात तेव्हा आमच्याखेरीज एकही माणूस नव्हता. सगळ्या खिडक्या बंद. अख्खं गाव आतून आम्हाला पाहत असेल आणि ही वेडी माणसं कोण म्हणत असेल, असं सारखं वाटत होतं. काल रात्रीच ठरवलं, उद्याची दुपार मी झोपवणार. मालकीणबाईंशी बोलून चार खोल्या पाच वाजेपर्यंत ठेवून घेतल्या, नव्वद युरोंत. पोर्तालेग्रे, एस्त्रेमोझ, एव्होरा तिन्ही काढून टाकली. एव्होराला परवा लिस्बनच्या वाटेवर गाठता येतं. ऑफिसला अजून सांगितलेलं नाही.

काकूंना फक्त “आज ४१ सांगितलंय” एवढंच म्हणाले. त्यावर अकोल्याचे काका हसले. “एक्केचाळीस? आमच्याकडे मे महिन्यात एक्केचाळीस झालं तर लोक म्हणतात, गार पडलं.” बोलता बोलता त्यांनी खिसा चाचपला. खिशात कांदा होता. उन्हाळ्यात बाहेर पडताना त्यांच्याकडे खिशात कांदा ठेवायचाच, देश कुठलाही असो.

सकाळी ८.१०

मिनीबस तटाच्या दरवाज्याबाहेर उभी असते, आत गल्ल्याच तेवढ्या रुंद नाहीत. हेडकाउंट चौदा. ड्रायव्हर पन्नाशीचा, याच भागातला. त्याने डॅशबोर्डच्या यंत्रात आपलं कार्ड सरकवलं. युरोपात बस गेस्टांच्या मर्जीने चालत नाही, या कार्डाच्या मर्जीने चालते. साडेचार तास चाक फिरलं की पाऊण तास विश्रांती, रात्री अकरा तास सलग सुटी, सगळं नोंदलं जातं. दुपारी चार तास थांबणार म्हटल्यावर त्याने आनंदाने हॉर्न वाजवला.

वळणं उतरून पाच-सात मिनिटांत पोर्ताजें. नावाचा अर्थच जकात, टोल. सेव्हेर नदीवर जुना दगडी पूल, शेजारी बुरूज. १४९२ साली स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा जे लोंढे पश्चिमेला वळले, त्यांतला एक या वाटेने आत आला. पोर्तुगालच्या राजाने घेतलं, पण फुकट नाही. माणशी ८ क्रुझादो, आणि राहण्याची मुदत ८ महिने. पुलाशेजारी आता नदीचं पाणी अडवून पोहण्याचा तलाव केलाय. सव्वाआठलाच दोन मुलं त्यात उड्या मारत होती. स्पेनहून येणारी एक गाडी पुढून सरळ निघून गेली. १९९५ पासून इथे कुणी पासपोर्टही विचारत नाही.

सकाळी ८.४०

कास्तेलो द व्हिद. आजच्या दिवसातलं माझं आवडतं गाव. छापील कार्यक्रमात त्याला एक तास आहे आणि त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहात जातात. आज तीन तास दिले.

गाव डोंगराच्या उतारावर चुन्याने पांढरंशुभ्र, वर लाल कौलं, त्यावर किल्ला. खालच्या बाजूला सोळाव्या शतकातलं संगमरवरी कारंजं आहे, फोंत द व्हिला, चहूबाजूंनी बारीक धार. बायकांनी तोंडं धुतली, बाटल्या भरल्या. तिथून वर ज्यू आळी. चढ असा की पुढच्याच्या टाचा आपल्या डोळ्यांसमोर. दगडी पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना जिरेनियमच्या कुंड्या, दारांना गॉथिक टोकदार कमानी.

एका दाराशी मी थांबले. ग्रॅनाइटच्या चौकटीत, आत जाताना उजव्या हाताला, बोटभर उभी खाच. काय असेल म्हणून विचारायच्या आतच पुण्याच्या काकू म्हणाल्या, “मेझुझा.” सगळे वळले. काकूंचं माहेर अलिबागचं. शेजारी बेने इस्रायलांची घरं, तेली म्हणायचे त्यांना गावात, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. त्यांच्या दाराला उजवीकडे अशीच डबी असायची, आत धर्मवचनाची गुंडाळी, येता-जाता तिला बोट लावून ओठांना लावायचं. “आम्ही पोरंही लावायचो,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्या रिकाम्या खाचेला बोट लावलं. कार्यक्रमाचा कागद तेव्हापासून पर्समध्येच राहिला.

इथल्या खाचा रिकाम्या का, ते सांगायला सावली शोधली. जुन्या सिनेगॉगच्या भिंतीला टेकून बसलो. आत आता छोटं संग्रहालय आहे. १४९७ साली पोर्तुगालच्या राजानेही सक्तीने सगळ्यांचा बाप्तिस्मा केला. मुदत, क्रुझादो, सगळं वाया. त्या ‘नव्या ख्रिश्चनां’पैकी एका घरात १५०१च्या सुमारास, याच गावात, एक मुलगा झाला, गार्सिया द ऑर्ता. आई-वडील सीमेपलीकडचे, आमच्या तटावरून सकाळी दिसत होत्या त्या माळांतले.

“थांबा,” फोंड्याच्या बाई म्हणाल्या. “पणजीत चर्चपुढे बाग आहे. गार्सिया द ऑर्ता गार्डन. तो हा?”

तोच. स्पेनमध्ये वैद्यक शिकला, काही वर्षं याच गावात वैद्यकी केली, आणि १५३४ साली जहाजाने गोव्याला आला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, त्याचा स्नेही झाला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो असं त्याने कौतुकाने लिहिलंय. घारापुरीची लेणीही त्याने पाहिली. १५६३ साली गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं, हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवरचे संवाद. हिंग, भांग, नारळ, आंबा, पटकीचा रोग. हिंगाचा तिटकारा आहे म्हणतो, पण हिंग घातलेली भाजी चवीला बरी लागली हेही कबूल करतो. पोर्तुगीजांचा महाकवी कामोइंश याची छापली गेलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे.

पुढचं सांगावंसं वाटत नाही, पण गाव दाखवायचं तर सांगावं लागतं. १५६० साली इन्क्विझिशन गोव्यात पोचलं. ऑर्ता १५६८ साली अंथरुणातच गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, लपून ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जाळलं. १५८० साली त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. आई-वडील ज्या आगीपासून पळाले ती मुलाच्या मागे समुद्र ओलांडून गेली आणि थडग्यात गाठून परतली. मग शतकं उलटली आणि पोर्तुगालने त्याचं चित्र दोनशे एस्कुदोच्या नाण्यावर छापलं.

बाई म्हणाल्या, “त्या बागेत आम्ही चणे खायचो. नाव वाचायचो आणि चणे खायचो.”

सकाळी ११.१०

पारा चौतीसवर. चौकात कॉफी. या गावचा दुसरा मुलगा साल्गेइरू माया, जन्म १९४४. २५ एप्रिल १९७४च्या पहाटे सांतारेंच्या घोडदळ शाळेतून चिलखती गाड्या घेऊन हा तरुण कॅप्टन लिस्बनमध्ये शिरला आणि जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आटोपली. पुढे पदं, मानमरातब घेतले नाहीत. १९९२ साली गेला, इथल्याच दफनभूमीत साधी कबर आहे.

“म्हणजे आम्ही एकसष्टला सुटलो,” बाई बोटांवर मोजत म्हणाल्या, “आणि हे लोक आमच्यानंतर बारा वर्षांनी.” बारा वर्षं, चार महिने. गोव्यावरचा भारताचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तोही त्यानंतरच, १९७४च्या शेवटच्या दिवशी. बाई तेव्हा कॉलेजात होत्या.

ड्रायव्हर कॉफीचा घोट घेत स्पेनकडे मान वळवून काहीतरी सांगत होता. त्याचे आजोबा रात्री कॉफीची पोती पाठीवर टाकून पलीकडे जायचे. यादवी युद्धानंतर स्पेनमध्ये कॉफी मिळेना, इकडे आफ्रिकेतल्या वसाहतींतून यायची. अख्खी गावं या चोरवाटेवर जगली. सीमेजवळच्या कांपू मायोरमध्ये कॉफी भाजण्याच्या भट्ट्या उगीच निघाल्या नाहीत, आज देशभर खपणारी डेल्टा कॉफी तिथलीच, १९६१ सालची. “आणि पकडलं तर?” अकोल्याच्या काकांनी खुणेनेच विचारलं. ड्रायव्हरने पाठीवरचं पोतं फेकून पळण्याची खूण केली. काका कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी मान हलवली, मुद्देमाल नाही तर केस उभी राहत नाही.

दुपारी १२.२०

जेवण, परत मार्व्हांवला, तटातल्या छोट्या खानावळीत. शाकाहारी चौदांपैकी नऊ, त्यांतले सहा अंडं चालणारे. युरोपात मी या तक्त्याइतकं काहीच पाठ केलेलं नाही. पण आलेंतेजोत सोपं जातं. हा गरिबांचा मुलूख, पावावर जगलेला. आसोर्दा म्हणजे लसूण, मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात वाटायची, त्यावर ऑलिव्हचं तेल, उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, वर अंडं. युरोपात कोथिंबीर अशी सढळ हाताने इथेच भेटते. कोथिंबिरीचा वास आला आणि नाशिकच्या मावशींनी डोळेच मिटले. दुसरं गार गास्पाशू. टोमॅटो, काकडी, सिमला मिरची बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात, व्हिनेगर घालून. “कोशिंबिरीत पाणी पडलंय,” कुणीतरी म्हणालं, आणि मग दोनदा मागितलं.

दुपारी १.३५

सूर्य डोक्यावर आला तो आत्ता. इथलं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या दीड तास पुढे पळतं. म्हणून आपली माणसं फसतात. दोन-अडीच उलटले, आता उतरेल म्हणतात, आणि खरा तडाखा चार-पाचला बसतो. गावातल्या गल्ल्या ओस. एक मांजर, तेही दाराच्या फटीत.

खोल्यांत माणसं वाटली, बायका दोन खोल्यांत, पुरुष दोन. काकांनी खोलीत शिरताच कुणालाही न विचारता खिडकीची आतली लाकडी दारं ओढून घेतली, टॉवेल भिजवून खुर्चीवर टाकला, आणि फरशीवर आडवे झाले. “माळवदाचं घर आहे हे,” भिंतीवर हात मारून म्हणाले. भिंत हातभर जाड, बाहेरून चुना, खिडकी एवढीशी. रात्री सगळं उघडायचं, सकाळी नऊला सगळं बंद करायचं, हे तंत्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी जिन्यात बसून ऑफिसला फोन लावला. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजून गेलेले.

“तीन ठिकाणं गाळली?”

“एव्होरा परवा करू. दोन गाळली.”

“ब्रोशरमध्ये छापलंय. उद्या कुणी तक्रार केली तर?”

“काल कुणी चौकात पडलं असतं तर?”

पलीकडे शांतता. मग, “आणि दुपारी गेस्ट काय करतायत?”

“झोपलेत.”

“पोर्तुगालला जाऊन?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. घरातून, गल्लीतून, अख्ख्या टेकडीवरून आवाज नाहीसा झाला होता. गाव बंद नव्हतं, गाव झोपलं होतं. काल चौकात आम्ही जे फोटो काढले त्यांत याच्यातलं काही नाही. मीही जिन्यातल्या गार पायरीला डोकं टेकलं. टूरवर दुपारी झोपण्याची अकरा वर्षांतली पहिली वेळ. जाग आली तेव्हा मालकीणबाईंनी माझ्या डोक्याखाली उशी सरकवलेली होती.

संध्याकाळी ५.१५

निघालो. बाहेर अजून चाळीस, पण बस थंड आणि माणसं ताजी. मोन्साराश इथून दक्षिणेला दीडशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुचाची झाडं, बुंध्यापासून फांद्यांपर्यंत सोललेली, आतून विटकरी तांबडी, आणि खोडावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा. ३. ७. ५. “मतदान केंद्र का?” मागून कुणीतरी. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. एकदा सोललं की नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही, तसा कायदा आहे. पहिली साल निघायला तर रोप लावल्यापासून पंचवीसेक वर्षं. जगातलं निम्मं बूच हाच देश पुरवतो. सोलणाऱ्याची कुऱ्हाड सालीत शिरली पाहिजे, लाकडाला लागता कामा नये. घाव लागला तर झाड ते विसरत नाही. हे ड्रायव्हर सांगतो, मी फक्त मराठीत आणते.

एस्त्रेमोझच्या बाहेरून गेलो. संगमरवर इथे इतका की साध्या घरांचे उंबरेही त्याचेच. वाटेतल्या एका गावात मावशींनी कालचा चौक ओळखला आणि त्याला टाटा केला.

संध्याकाळी ७.४०

मोन्साराश. पुन्हा टेकडी, पुन्हा तट, पुन्हा बस बाहेर. इथल्या जुन्या न्यायालयाच्या भिंतीवर पंधराव्या शतकातलं चित्र आहे, चांगला न्यायाधीश आणि वाईट न्यायाधीश. वाईटाला तोंडं दोन, एक लाच देणाऱ्याकडे आणि दुसरं दुसऱ्या लाच देणाऱ्याकडे. काकांसाठी मी ते मुद्दाम ठरवून ठेवलं होतं. पोचलो तोवर बंद. उद्या सकाळी.

तटावर गेलो. खाली आल्केव्हाचं पाणी, नजर पोचेल तिथवर, मध्ये टेकड्यांची बेटं झालेली. ग्वादियाना नदीवर धरण बांधून २००२ साली दारं बंद केली. अडीचशे चौरस किलोमीटरचा जलाशय. लुझ नावाचं गाव त्यात गेलं. घराला घर, गल्लीला गल्ली असं नवं लुझ जवळच बांधून दिलं, दफनभूमीही हलवली. “उजनीत पळसदेव गेलं तसं,” नाशिकच्या मावशी म्हणाल्या. त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. “आमचं देऊळ मे महिन्यात वर येतं. ह्यांचं येतं का?” मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही, पाडूनच गेले असावेत. मावशी पाण्याकडे बघत राहिल्या.

सूर्य नऊला दहा मिनिटं असताना मावळला.

रात्री १०.००

आणि मग गाव उठलं.

दारं उघडली. आज्या खुर्च्या घेऊन गल्लीत आल्या, स्लेटच्या फरशांवर पाणी शिंपडलं गेलं, लहान मुलं सायकली घेऊन, आणि एका घरातून टीव्ही, दुसऱ्यातून भांडण. खानावळीत आम्हाला जेवायला दहाला जागा मिळाली, कारण त्याआधी इथे कुणी जेवतच नाही. याच खोऱ्यात, इथून जवळच आमारेलेजाला ऑगस्ट २००३ मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. तो आजवरचा देशाचा उच्चांक. हे ऐकून अकोल्याचे काका पहिल्यांदाच गंभीर झाले. “सत्तेचाळीस म्हणजे... हो, तेवढं आम्हाला पण होतं,” ते म्हणाले, आणि कांदा खिशातून काढून टेबलावर ठेवला. वाढणाऱ्या मुलाने तो उचलला, वास घेतला, काहीही न विचारता आत नेऊन चिरून आणला.

जेवणानंतर दिवे नसलेल्या कडेला गेलो. या सगळ्या खोऱ्यात रात्रीचे दिवे मुद्दाम मंद ठेवतात. आकाशासाठी आल्केव्हाला २०११ साली प्रमाणपत्रच मिळालंय. आकाशगंगा पाण्यावर उतरलेली. पुण्याच्या काकू एका आजीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजी हातपंख्याने वारा घेत होती, आणि दर चार झुळुकींनी पाचवी काकूंकडे.

रात्री ११.४०

हिशोब. आज आठ ठिकाणी पावत्या घ्यायच्या होत्या, सात मिळाल्या. पाणी, दीड लिटरच्या २६ बाटल्या. कॉफी १५. जेवण. तिकिटं. खोल्या चार, दुपारी एक ते पाच, ९० युरो. या नव्वदची पावती नाही, मालकीणबाईंनी तेवढ्यात उशी काढून घेतली आणि गालावर पापा घेतला, पावतीचं राहूनच गेलं.

तक्त्यात शेवटचा रकाना ‘कारण’ असा असतो. तिथे आधी ‘दुपार’ लिहिलं. खोडलं. ‘वैद्यकीय’ लिहिलं. वैद्यकीयला ऑफिस जास्त विचारत नाही.

दारावर टकटक. “ताई, उद्या किती वाजता? आणि कुठल्या घड्याळात?”